कान वाढले, ऐकणे घटले

वयाबरोबर शरीरात होणाऱ्या बदलांवर कोणी हसावे, याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे: ज्याच्या शरीरात तेच बदल चालू आहेत, त्याने. घरातल्या तरुण माणसाने कितीही मायेने "आजी, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जातो" असे म्हटले तरी ते टोचते. तेच वाक्य कानाला यंत्र लावलेल्या मैत्रिणीने उच्चारले की दोघींना हसू येते, आणि हसता हसता यंत्र कोणते घेतले, सवय व्हायला किती दिवस लागले, कानात घालताना दुखते का, याची चौकशीही होऊन जाते. ही चौकशी मला हसण्याइतकीच मोलाची वाटते. साठीनंतरच्या शरीराविषयी मला जे उपयोगाचे कळले, त्यातले बरेचसे दवाखान्यात नव्हे तर मैत्रिणींच्या हसण्याच्या ओघात कळले. ज्या गोष्टी सख्ख्या बहिणीजवळही ओठांवर आल्या नसत्या, त्या हसण्यामुळे बोलता आल्या.

आमचे हे हसणे बडोद्यातल्या कमाटीबागेत चालते. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग केली. काळा घोडा या पुतळ्याच्या बाजूच्या दाराने आम्ही सकाळी आत शिरतो, ज्यांना झेपते त्या मोठी फेरी घेतात, बाकीच्या लहान फेरी घेतात, आणि शेवटी सगळ्या एका ठरलेल्या बाकाशी जमतो. आमच्यात एक पोस्टातून निवृत्त झालेली आहे, एक पूर्वी गायन शिकवत असे, माझ्यासारख्या दोघी शाळेत शिकवत होत्या, सर्वांत वडील असलेल्या माईंनी आयुष्यभर मोठे एकत्र कुटुंब सांभाळले, आणि आमच्या गुजराती बेन दांडिया बाजारात वाढल्यामुळे आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. नोकरी, शेजार, नातेगोते यांपैकी कशानेही आम्ही एकमेकींशी बांधलेल्या नव्हतो. आम्हाला जवळ आणले ते गुडघ्यांनी, कानांनी आणि डोळ्यांनी.

कानांचा प्रसंग आधी सांगते. होळी नुकतीच झाली होती. आमच्यातली एक म्हणाली, "काल सून लवकर आली." शेजारी बसलेल्या माईंनी मान डोलावली आणि मनापासून म्हणाल्या, "येणारच. होळी झाली की लवकर येतं, आणि मग असं तापतं की दुपारी दार उघडायची सोय नाही." क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग कोणीतरी हळूच विचारले, "माई, काय तापतं?" "अगं, ऊन!" माईंनी सांगितले, आणि ज्यांची सून लवकर आली होती त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की फिरायला आलेले लोक थांबून पाहू लागले. काय झाले ते कळल्यावर सर्वांत जास्त माईच हसल्या.

माईंनी 'सून'ऐवजी 'ऊन' ऐकले, यामागे निश्चित कारण आहे. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या, केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. नळीच्या सुरुवातीच्या पेशी उंच पट्टीचे ध्वनी टिपतात आणि वयाबरोबर त्याच आधी निकामी होतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा तयार होत नाहीत. बोलण्यातले अ, ऊ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस असतात, तर स, श, फ ही व्यंजने उंच पट्टीची आणि क्षीण असतात. त्यामुळे 'सून'मधला 'स' गळतो आणि 'ऊन' शिल्लक राहते. कोणीतरी बोलते आहे हे अशा माणसाला ऐकू येते, पण काय बोलते आहे ते नीट कळत नाही. म्हणूनच त्याच्यापुढे ओरडून फारसा उपयोग होत नाही. समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलल्याने होतो. माईंचे चिरंजीव कितीतरी दिवस कान तपासून घ्या म्हणून मागे लागले होते आणि त्या दाद देत नव्हत्या. 'सून-ऊन' झाल्यावर त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून विचारले की ती तपासणी कुठे करतात. घरच्यांच्या आग्रहात त्यांना आपण कमी पडत असल्याचे ऐकू येत होते. बाकावर त्या सगळ्यांबरोबर हसल्या होत्या, त्यात उणेपणाचा प्रश्नच नव्हता. ही तपासणी लांबणीवर टाकू नये, असे मी आवर्जून सांगते. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर आधीच उपाय करता येतो, त्यांत 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ या तिन्ही अहवालांत बहिरेपणाला प्रमुख स्थान दिले आहे.

कानांबद्दल आणखी एक गोष्ट बाकावर फार गाजली. १९९५ साली जेम्स हीथकोट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी आपल्या काही सहकाऱ्यांसह २०६ जणांचे कान मोजले आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये असे लिहिले की कानाची लांबी वयाच्या वर्षामागे सरासरी ०.२२ मिलिमीटरने जास्त भरते. म्हणजे पन्नास वर्षांत साधारण एक सेंटिमीटर. मी हे वाचून दाखवल्यावर पोस्टातली मैत्रीण लगेच म्हणाली, "पुढे ऐकू कमी येणार हे देवाला आधीच ठाऊक होतं, म्हणून त्याने कान वाढवायची सोय करून ठेवली." त्यानंतर सगळ्यांनी एकमेकींचे कान पाहिले. ज्यांनी जड कुड्या आणि झुमके आयुष्यभर घातले, त्यांच्या पाळ्या जास्त ओघळल्या होत्या. लग्नात मिळालेल्या कुड्या आता घातल्या की पाळी खाली खेचली जाते, म्हणून डबीतच पडून आहेत, हे एकीने सांगितले आणि तिघींनी आपापल्या डब्यांतल्या कुड्यांची हकीकत सांगितली. त्या सकाळी आम्हाला एकमेकींची लग्ने कळली.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हसण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट अधिक वेळा चारचौघांत हसतो, असे त्याला आढळले. आणि बहुतेक हसणे विनोदावर नसते, अगदी साध्या वाक्यांनंतर येते. आमचा अनुभव नेमका हाच आहे. सून आणि ऊन यांत घरी एकटीने बसून हसण्यासारखे काय आहे? तिथे तेच ऐकणे उदास करून गेले असते.

आता जरा संकोचाची गोष्ट सांगते, आणि ती सांगण्यासाठीच मुख्यतः हे लिहायला बसले आहे. आमच्यात सर्वांत मोकळेपणाने हसणारी एक मैत्रीण बाकाच्या कडेला बसू लागली. मग ती लवकर निघू लागली, आणि पुढे येईनाशी झाली. विचारले की कधी नातवाची शाळा, कधी पाण्याची वेळ, असे काहीबाही सांगे. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि बेनना शिंक आली. शिंक ओसरल्यावर बेन अगदी सहज म्हणाल्या, "आता शिंक येणार असं वाटलं की मी आधी पाय आवळते आणि मग नाक धरते. उलटं केलं तर साडी बदलावी लागते." आम्ही हसलो. ती मैत्रीणही हसली, आणि हसणे थांबल्यावर खाली पाहून म्हणाली, "मला तर हसलं तरी होतं. म्हणून मी येत नाही."

जिला हसणे सर्वांत प्रिय होते, तिने हसू येईल या भीतीने आम्हाला सोडले होते. हे ऐकून मला जे वाटले, त्याला दुःखापेक्षा राग म्हणणे अधिक खरे होईल. कारण त्या दिवाणखान्यात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीला तोच त्रास कमी-अधिक प्रमाणात होता आणि प्रत्येकीला तो आपल्या एकटीचाच वाटत होता. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक पाळणा असतो. मूत्राशय आणि गर्भाशय त्यावर तोललेले असतात. बाळंतपणांत तो ताणला जातो, पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने तिथले ऊतक पातळ होतात, आणि मग खोकला, शिंक किंवा हसणे यांचा पोटातून दाब आला की मूत्रमार्ग घट्ट मिटून राहू शकत नाही. यावर पहिला उपाय औषधही नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. तो व्यायाम आहे. अरनॉल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने तो १९४८ साली शास्त्रीय पद्धतीने मांडला. लघवी रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे, आणि श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करत बसू नये. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेऊन निदान तीन महिने नियमाने केला, तर बहुतेक बायकांना फरक जाणवतो. १९४८ पासून जगाला ठाऊक असलेली ही गोष्ट आम्हा शिकल्यासवरलेल्या बायकांपर्यंत एका शिंकेमुळे पोहोचली.

ती मैत्रीण आणि बेन दोघी मिळून फिजिओथेरपिस्टकडे गेल्या आणि परत येऊन त्यांनी सगळ्यांना शिकवले. हा व्यायाम बसल्या जागी, कोणालाही न कळता करता येतो, हे त्याचे मोठे सुख आहे. फेरी झाली की आम्ही बाकावर बसतो, कोणीतरी "आवळा" म्हणते, आम्ही मनात आकडे मोजतो, मग ती "सोडा" म्हणते. एकदा शेजारच्या बाकावरच्या एका सद्गृहस्थांनी बराच वेळ हे ऐकले, आणि जाता जाता थांबून फार अदबीने सांगितले की चांगले आवळे हवे असतील तर खंडेराव मार्केटात सकाळी लवकर जावे. त्यांचे आभार मानेपर्यंत आम्ही कशाबशा गंभीर राहिलो. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर जे हसणे झाले, त्यात आमची ती मैत्रीण पुढे होती. निर्धास्त हसत होती. तिला असे हसताना पाहण्यासाठी मी कितीही लांब चालत गेले असते.

रात्रीचीही अशीच गोष्ट. माझ्या समोरच्या इमारतीत आमच्यातलीच एक राहते. रात्री दोन-तीनच्या सुमारास मी उठते तेव्हा तिच्या न्हाणीघराचा दिवा लागलेला असतो. दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंडांकडे जाते. शिवाय रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर जे संप्रेरक सोडते, त्याची रात्रीची वाढ म्हातारपणी पूर्वीसारखी होत नाही. आम्ही खिडकीतून एकमेकींना हात करतो. एके रात्री तिचा दिवा वारंवार लागताना दिसला, म्हणून सकाळी मी तिला रक्तातली साखर तपासून घ्यायला लावली. साखर वाढलेली निघाली आणि वेळेवर औषध सुरू झाले.

नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पोस्टातली मैत्रीण तो द्यायला गेली, तर यंत्र तिच्या बोटांचे ठसे ओळखेना. वयाबरोबर बोटांची त्वचा पातळ आणि कोरडी होते, ठशाच्या रेषांचा उठाव कमी होतो, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या हातांवर तर त्या आणखीच पुसट होतात. अंगठा झाला, तर्जनी झाली, दोन्ही हात झाले. "मी समोर उभी राहून बोलत होते, आणि ते यंत्र मला नाही म्हणत होते," असे ती सांगू लागली तेव्हा तिच्या आवाजात कापरे होते. बाकावरच्या बायका एकेक करून आपापला अंगठा तिच्यापुढे धरू लागल्या तेव्हा ती हसली. सगळ्यांचेच अंगठे गुळगुळीत झाले होते. हा दाखला २०१४ पासून डिजिटल पद्धतीने आणि २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, हे मी तिला सांगितले. तो तिने बागेतच, आमच्या देखत दिला. मोबाइल चेहऱ्यासमोर धरून पापण्यांची उघडझाप करायची असते. ती करू लागली तशा तिला उत्तेजन म्हणून आम्ही सगळ्या तिच्यासमोर उभ्या राहून पापण्या मिटत-उघडत राहिलो.

उंचीचे सांगायचे तर ती आम्हाला परकराने कळली. तोच परकर, तीच नाडी, आणि काठ मात्र जमिनीला लागू लागला. मणक्यांमधल्या चकत्यांतले पाणी कमी होते, मणकेही थोडे दबतात, आणि उंची हळूहळू घटते. बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. एकदा नातवंडांना घेऊन आम्ही तो पाहायला गेलो, तेव्हा माईंनी त्याची मणक्यांची लांबच लांब रांग निरखली आणि म्हणाल्या, "याची पाठ दुखत असेल तर शेकायची कुठून?" मुलांपेक्षा आम्हीच जास्त हसलो. पण तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक घट झाली असेल, तर हाडे ठिसूळ होऊन एखादा मणका पिचला आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे लागते, हेही त्याच दिवशी बोलणे झाले आणि दोघींनी हाडांची घनता तपासून घेतली.

काही गोष्टींवर आम्ही हसत नाही. कोणी पडले, चालताना एकाएकी धाप लागू लागली, विनाकारण वजन उतरले, तर तिथे विनोद नाही. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला, यावर आम्ही पोटभर हसतो. परंतु आमच्यातलीच एक एकदा ओळखीच्या वळणावर थांबली आणि बाक कुठल्या बाजूला आहे हे तिला उमजेना, तेव्हा कोणी हसले नाही. एकीने तिचा हात धरला, दुसरीने तिच्या मुलीला फोन केला, आणि तेव्हापासून कोणी ना कोणी तिला घरून आणते व घरी पोहोचवते. वयाचे म्हणून सोडून द्यायचे काय आणि वयाचे म्हणता कामा नये असे काय, हा भेद पाळणे ही या मैत्रीतली सर्वांत मोठी जबाबदारी आहे, असे मी मानते.

गायन शिकवणाऱ्या मैत्रिणीचा आवाज अलीकडे उतरला आहे. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली येतो आणि पुरुषांचा काहीसा वर चढतो. तिच्या घरी फोन करणारे लोक आता तिला काका म्हणतात आणि तिच्या यजमानांना काकू. ज्या शहरात १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली, तिथे गळ्यावर आयुष्य काढलेल्या बाईला हे सोपे गेले असेल असे मी म्हणणार नाही. पण तिने तानपुरा काळी पाचवरून काळी चारवर उतरवला, रियाज चालू ठेवला, आणि फोनचे किस्से ती स्वतःच नकला करून सांगते.

नवरात्रात बडोद्यात घरी बसणे अशक्य असते. गुडघ्यांमुळे आम्ही मोठ्या मैदानांवर जात नाही. बेनच्या सोसायटीच्या अंगणात संथ लयीत दोन टाळ्यांचा गरबा करतो. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो तेव्हाच तिच्यात वंगणाचे पाणी मुरते आणि पोषण पोहोचते. म्हणून गुडघे दुखतात या सबबीवर पूर्ण बसून राहणे सर्वांत वाईट, आणि गुडघे वाजले तरी दुखत नसतील तर घाबरायचे कारण नाही. ज्यांना फिरणे जमत नाही त्या मध्ये खुर्च्यांवर बसून टाळ्या धरतात, बाकीच्या त्यांच्याभोवती फिरतात, आणि दमल्यावर खुर्च्यांची अदलाबदल होते. गायला आमची गायिका असते. पूर्वी ती सुरू झाली की तिच्या पट्टीत कोणाचाच आवाज पोहोचत नसे आणि आम्ही नुसते ओठ हलवत असू. आता तिचा षड्ज खाली आला आहे आणि आम्हा सगळ्यांचे आवाजही उतरलेले आहेत, त्यामुळे मागे म्हणायला माईंपासून सगळ्या पुरतात. खणखणीत आवाजात, शेवटच्या कडव्यापर्यंत.